बाळाचे वय कोणत्या पट्टीने मोजले?

फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय वृत्तपत्रांच्या विज्ञानपानांवर एक बातमी झळकली आणि आजही ती अधूनमधून कुणी ना कुणी मला पाठवत असते. आयआयटी मद्रास आणि फरीदाबादची ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट यांनी मिळून ‘गर्भिणी-जीए२’ नावाचे प्रारूप तयार केले. दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीतील गर्भाचे वय सोनोग्राफीच्या मापांवरून सांगणारे, भारतीय गर्भांच्या माहितीवर उभे राहिलेले हे पहिलेच प्रारूप. प्रचलित पाश्चात्त्य सूत्रापेक्षा त्रुटी ‘जवळजवळ तीनपटीने कमी’. (एक तृतीयांश असे म्हणायचे असते, पण ‘तीनपटीने कमी’ हा आपल्या विज्ञानपत्रकारितेचा लाडका प्रयोग आहे.) मथळ्यांत ‘भारतीय’ आणि ‘एआय’ हे दोन शब्द सर्वांत ठळक होते.

माझा आक्षेप या संशोधनावर नाही. ते मोलाचे आहे. आक्षेप आहे तो बातमीवर, कारण त्या बातमीने एक अगदी साधा प्रश्न विचारलाच नाही: तिसऱ्या तिमाहीत बाळाचे वय अंदाजाने काढण्याची वेळ मुळात का यावी?

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न चटकन समजेल, म्हणून आधी मापनाविषयी. गर्भाचे वय कुणी थेट मोजत नाही. आपण मोजतो लांबी: डोक्याचा व्यास, डोक्याचा आणि पोटाचा परीघ, मांडीच्या हाडाची लांबी. त्या लांबीवरून वय काढायचे, तर या वयाचा गर्भ एवढा असतो असे गृहीत धरावे लागते. पहिल्या तिमाहीत हे गृहीतक उत्तम चालते, कारण त्या काळात जवळजवळ सर्व गर्भ सारख्याच गतीने वाढतात. डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजली की वय पाच-सात दिवसांच्या फरकाने हाती येते. पुढे प्रत्येक गर्भ आपापल्या वाटेने वाढू लागतो. आईची उंची, तिचे पोषण, वारेचे काम, रक्तदाब, सारे त्यात उतरते. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर याच पद्धतीतली अनिश्चितता तीन-चार आठवड्यांपर्यंत जाते. शिवाय एक तार्किक पेच उभा राहतो. समोरचे बाळ लहान दिसते आहे. ते वयाने लहान आहे, की वयाच्या मानाने त्याची वाढ खुंटली आहे? समीकरण एक आणि अज्ञात दोन. कोणतेही यंत्र, ते कितीही शिकलेले असो, एका लांबीतून ही दोन्ही उत्तरे खात्रीने देऊ शकत नाही.

आपल्याकडील सोनोग्राफी यंत्रांत सर्रास वापरले जाणारे हॅडलॉकचे सूत्र १९८४ सालचे. टेक्सासमधील ह्यूस्टन शहरातल्या काहीशे गर्भांवर ते बेतले होते. तिथली पट्टी इथे लावली तर सर्व मापांत एकाच दिशेची चूक शिरते. गर्भिणी-जीए२ ही एकाच दिशेची चूक कमी करते. हे मोठे काम आहे, कारण अशी चूक हजारो स्त्रियांच्या कागदांवर एकाच वेळी उमटत असते. परंतु एका विशिष्ट बाईचे विशिष्ट बाळ सरासरीहून मोठे आहे की लहान, ही दुसरी अनिश्चितता तशीच उरते. ‘त्रुटी एक तृतीयांश झाली’ असे वाचल्यावर ‘कोणती त्रुटी?’ असे विचारणारा एकही मथळा माझ्या पाहण्यात आला नाही.

आणखी एक गोष्ट बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात दडून राहिली. हे प्रारूप ज्या माहितीवर शिकले, ती ‘गर्भ-इनी’ या अभ्यासातून आली. २०१५ पासून गुरुग्रामच्या शासकीय जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या हजारो गरोदर स्त्रियांनी त्यासाठी वारंवार तपासण्या करून घेतल्या. त्यांच्या बाळांचे ‘खरे’ वय कुठून कळले? पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीतून. म्हणजे ज्याला आपण बुद्धिमान प्रारूप म्हणून डोक्यावर घेतले, त्याची शिक्षिका होती ती वेळेवर केलेली एक साधी तपासणी. ती ज्यांना मिळाली त्यांच्या जोरावर, ती ज्यांना मिळाली नाही त्यांच्यासाठी अंदाज बांधला गेला. हा क्रम सांगितला असता तर वाचकाला कळले असते की यंत्राहून महत्त्वाचे काय आहे.

याच गटाने यापूर्वी पहिल्या तिमाहीतील वेगवेगळ्या सूत्रांची तुलना केली होती. त्याच स्त्रिया, त्याच प्रसूती. फक्त वय मोजण्याची पद्धत बदलली, तर अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतींचे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांपासून साडेसोळा टक्क्यांपर्यंत हलत होते. २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली, जगात सर्वाधिक, हा आकडा आपण दरवर्षी नोव्हेंबरमध्ये वाचतो. त्या आकड्याच्या मागेही कुठली तरी पट्टी आहे, हे कधी वाचले आहे का?

आता हा विषय मला इतका का झोंबतो ते सांगते.

माझ्या गरोदरपणात, आठव्या महिन्याच्या सुरुवातीला, एका रात्री साडेअकराच्या सुमारास पोट दर सात-आठ मिनिटांनी कडक होऊ लागले. एनसीआरमधील एका खासगी रुग्णालयात दाखल झाले. घरापासून तासाभराच्या अंतरावर, कारण जवळच्या रुग्णालयात नवजात बाळांसाठी अतिदक्षता कक्ष नव्हता. तिथे ताबडतोब सोनोग्राफी झाली आणि यंत्राने कागदावर छापले: ३४ आठवडे २ दिवस. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी तोच आकडा केसपेपरवर उतरवला आणि म्हणाले, चौतीस उलटले आहेत, बाळाच्या फुप्फुसांसाठीचे इंजेक्शन आता लागत नाही.

मी म्हणाले, हा आकडा आजच्या मापांवरून काढलेला आहे. माझी पहिली सोनोग्राफी आठव्या आठवड्यात पुण्यात झाली होती, तीवरून मोजा. त्यांनी विचारले, रिपोर्ट आहे? रिपोर्ट घरी, कपाटातल्या फायलीत. नवरा त्या मध्यरात्री परत गेला, फाइल शोधली आणि कागदाचा फोटो पाठवला. त्यावरून हिशेब केला तर ३२ आठवडे ४ दिवस. बारा दिवसांचा फरक. वरिष्ठ डॉक्टरांना फोन झाला आणि पहाटे तीन वाजता पहिले इंजेक्शन मिळाले.

यात त्या तरुण डॉक्टरांना दोष देण्याचा हेतू नाही. त्यांच्यापुढे छापील आकडा होता आणि छापील आकड्याला दशांशचिन्हासारखी एक प्रतिष्ठा असते. शेजारच्या खाटेवर नूहकडची एक मुलगी होती, वय एकवीस-बावीस. तिच्याकडे पुण्याचा कागद नव्हता, फरीदाबादचाही नव्हता. शेवटची पाळी केव्हा आली, या प्रश्नावर तिने ‘होळीच्या नंतर’ असे उत्तर दिले. तिच्या कागदावर यंत्राचा आकडा उतरला आणि तोच राहिला. तो बरोबर होता की चूक, हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हते.

चौतीस आठवडे ही सीमा का महत्त्वाची, हे विज्ञानवाचकांना थोडे तपशिलाने सांगायला हवे. ऑकलंडमधील लिगिन्स यांना १९६० च्या दशकाच्या अखेरीस मेंढ्यांवरील प्रयोगांत आढळले, की स्टेरॉइड मिळालेल्या अपुऱ्या दिवसांच्या कोकरांची फुप्फुसे अपेक्षेपेक्षा लवकर उघडतात. १९७२ मध्ये त्यांनी हाउई यांच्यासह स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर हे औषध अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठीचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रभावी उपाय ठरले. भारत सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झाल्यास डेक्सामेथासोनच्या सहा मिलिग्रॅमच्या चार मात्रा बारा-बारा तासांनी द्यायच्या. उपकेंद्रातील परिचारिकेनेही पहिली मात्रा देऊन मग पुढे पाठवायचे. उत्तम. पण त्या परिचारिकेजवळ वय मोजायला काय आहे? पाळीची तारीख, आणि तीही सांगोवांगी.

पट्टी वाईट असली की काय होते, याचा पुरावा यायला वेळ लागला नाही. ‘लॅन्सेट’मध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेली ‘अ‍ॅक्ट’ ही चाचणी सहा देशांतील सुमारे एक लाख प्रसूतींवर झाली. त्यांत आपले नागपूर आणि बेळगाव होते. ग्रामीण पातळीवर स्टेरॉइडचा वापर वाढवला. अपेक्षा होती की बालमृत्यू घटतील. ज्या गावांत वापर वाढवला तिथे नवजात मृत्यू हजारी २७.४, जिथे वाढवला नाही तिथे २३.९. वाढले! स्टेरॉइड मिळालेल्या मातांपैकी बहुतेकींची बाळे पुढे पुरेशा वजनाची जन्मली होती, म्हणजे त्यांना त्या औषधाची गरजच नव्हती. नुकसान नेमके कशाने झाले, यावर आजही वाद आहे. पण औषध चुकीच्या बायकांपर्यंत पोहोचले, यावर वाद नाही.

मग २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘अ‍ॅक्शन’ चाचणीचे निष्कर्ष आले. भारतासह पाच देश, २,८५२ स्त्रिया, २६ ते ३४ आठवडे. या वेळी चाचणी रुग्णालयांत होती, गर्भवय सोनोग्राफीने पडताळले होते, बाळांची काळजी घेण्याची सोय होती. स्टेरॉइड मिळालेल्या गटात नवजात मृत्यू १९.६ टक्के, न मिळालेल्या गटात २३.५. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली.

औषध एकाच वर्गाचे. एका ठिकाणी मृत्यू वाढले, दुसऱ्या ठिकाणी घटले. दोहोंत फरक अनेक होते, पण पहिला फरक पट्टीचा. माझ्या मते गेल्या दशकातील भारतीय मातांवरील संशोधनाची ही सर्वांत मोठी विज्ञानकथा आहे. ती कुठल्याही राष्ट्रीय वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर मी पाहिली नाही. तिच्यात एआय नव्हते ना!

धोरणाकडे पाहिले तर चित्र आणखी विचित्र दिसते. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या नऊ तारखेला शासकीय रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. चांगली योजना आहे; मी तिच्या रांगा पाहिल्या आहेत. पण ती आखली आहे दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीसाठी. म्हणजे पट्टी ज्या क्षणी सर्वांत काटेकोर असते तो क्षण निघून गेल्यावर आपण बाईला बोलावतो, आणि नंतर वय चुकते म्हणून प्रारूप बनवतो. पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी सार्वत्रिक करणे सोपे नाही, हे मला मान्य आहे. यंत्रे कमी, ती चालवणारे त्याहून कमी, आणि गर्भलिंगनिदानाच्या कायद्यामुळे यंत्रावर निर्बंध आहेत, ते हरियाणात आणि महाराष्ट्रात असायलाच हवेत. पण अडचण आहे म्हणून प्रश्नच विचारायचा नाही, हे विज्ञानवार्ताहराचे काम नव्हे.

रुग्णालयात मी नऊ दिवस होते. त्या नऊ दिवसांविषयी लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही, कारण अंधश्रद्धा फक्त गावाकडे असते हा आपला सुशिक्षित भ्रम तिथे नीट गळून पडतो.

दुसऱ्या दिवशी आई सांगलीहून गोवा एक्स्प्रेसने निघाली. निझामुद्दीनला उतरून थेट रुग्णालयात आली आणि पहिले वाक्य बोलली: “सातव्यातलं जगतं गं, आठव्यातलं अवघड असतं.” मी चिडले. सातमाशी मुलांविषयीची ही समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि ती उघड उघड चुकीची आहे. प्रत्येक वाढीव आठवड्याने बाळाची शक्यता सुधारतेच. आईला मी आलेख काढून दाखवला. तिने तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. पटला की नाही, ते आजतागायत सांगितलेले नाही.

पण आईवर चिडण्याचा मला कितपत अधिकार होता? माझ्या खाटेवर पाटी होती: ‘पूर्ण विश्रांती’. उठायचे नाही, बसून जेवायचे नाही, स्वच्छतागृहात जायचे नाही. इंग्रजी बोलणाऱ्या, वातानुकूलित रुग्णालयातला हा आदेश कोणत्या पुराव्यावर उभा होता? पूर्ण विश्रांतीने मुदतपूर्व प्रसूती टळते, असे दाखवणारा विश्वासार्ह पुरावा नाही. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना तिची शिफारस करत नाही. उलट पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो, स्नायू आणि हाडे झिजतात. हे मी डॉक्टरांना अदबीने विचारले. त्या हसून म्हणाल्या, “आमच्याकडे विश्रांती घेणाऱ्या बहुतेक जणींचे दिवस पुढे जातात.”

खरे आहे, जातात. कारण मुदतपूर्व कळांचे निदान होऊन दाखल झालेल्या स्त्रियांपैकी पुढील सात दिवसांत प्रत्यक्ष प्रसूत होणाऱ्या दहा टक्क्यांहूनही कमी असतात. कळा बहुधा आपोआप विरतात. मग त्या आठवड्यात तुम्ही काहीही करा, पाठीवर पडून राहा, नारळ वाढवा, डाव्या कुशीवर झोपा, आलेख काढा. त्या उपायाला नव्वद टक्क्यांचे यश मिळणारच. तुलनेसाठी दुसरा गट नसेल तर निसर्गाने केलेले काम उपायाच्या नावावर जमा होते. हे मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवत असते. स्वतः पाटीखाली पडले असताना मात्र नवव्या दिवसापर्यंत उठायचे धाडस झाले नाही, हेही नोंदवून ठेवते.

आणि स्टेरॉइडचे काय? माझी मुलगी पुढे ३७ आठवडे ५ दिवसांनी जन्मली. म्हणजे तेव्हा दिलेले इंजेक्शन शेवटी लागलेच नाही. त्या रात्री हाती असलेल्या माहितीवर निर्णय योग्य होता, असे मी आजही मानते. पण ‘अ‍ॅक्ट’च्या तक्त्यात मी त्या ‘गरज नसलेल्या’ बहुसंख्य बायकांतच मोडले असते. पट्टी अचूक असूनही भविष्य अचूक नसते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नवरा फाइल घेऊन आला आणि बाळ वाचले, अशी गोष्ट केली असती तर ती अधिक वाचली गेली असती आणि खोटी ठरली असती.

यंत्र नसलेल्या विज्ञानाचे आणखी एक उदाहरण माझ्या खाटेपासून तासाभराच्या अंतरावर होते. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय हे जागतिक आरोग्य संघटनेच्या एका मोठ्या चाचणीतील पाच रुग्णालयांपैकी एक. बाकीची घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातील. एक किलो ते १.८ किलोच्या आतल्या ३,२११ बाळांवरील या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. प्रश्न असा होता: इवले बाळ आधी काचेत ठेवून स्थिर झाल्यावर आईकडे द्यायचे, की जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी धरून तिथेच उपचार करायचे? छातीशी धरलेल्या गटात बाळे दिवसाचे सुमारे १७ तास आईच्या अंगावर होती. त्या गटात मृत्यू १२ टक्के, दुसऱ्यात १५.७ टक्के. ही चाचणीही मुदतीआधी थांबवली गेली. त्यासाठी लागले काय? अतिदक्षता कक्षात आईची खाट.

मी ज्या रुग्णालयात होते तिथे नवजात कक्षाच्या काचेबाहेर एक पिवळी रेषा आखलेली होती. आयांना भेटीची वेळ दुपारी चार ते साडेचार. नूहची ती मुलगी पाचव्या दिवशी प्रसूत झाली. तिचे बाळ काचेत होते आणि ती रेषेवर उभी राहून परिचारिकेला हाताने खूण करून विचारत असे, दूध घेतले का? त्या काचेच्या आत तीन खाटा सहज मावल्या असत्या. मी पावलांनी मोजून पाहिले, अर्थात पूर्ण विश्रांतीचा भंग करून, नवव्या दिवशी.

त्याच संध्याकाळी मला घरी सोडले. डिस्चार्ज कार्ड छापून आले. पहिल्या सोनोग्राफीनुसार त्या दिवशी ३३ आठवडे ६ दिवस झाले होते. कार्डावर होते ३५ आठवडे ४ दिवस. संगणकाने दाखल झाल्याच्या रात्रीच्या यंत्रमापात नऊ दिवस मिळवले होते. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “मॅडम, सिस्टीममध्ये बदलता येत नाही.” मी त्याच्याकडून पेन मागून घेतले, आकडा खोडला, शेजारी बरोबर आकडा लिहिला आणि कोणत्या तारखेच्या, कोणत्या सोनोग्राफीवरून, तेही लिहिले. आईने कार्ड हातात घेऊन विचारले, “डॉक्टरांच्या कागदावर असं लिहिलेलं चालतं का गं?” मागे नूहच्या मुलीचा नवरा तिचे बिल भरायला रांगेत उभा होता.